सोमवारचा टॉवेल

बर्नी गावात उतार नसलेला रस्ता शोधून सापडत नाही. समुद्राकडे पाठ केली की चढ लागतो, आणि चढाच्या टोकाला दारं लावून बसलेली माणसं. कितियोने लावेमाईने त्या चढांवर बुटांचे दोन जोड झिजवले होते आणि तिसरा झिजवत होता. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पाटी, काखेत ग्रंथ. वय वीस. टास्मानियाचा पाऊस आडवा येतो, त्यामुळे छत्री नुसती बाळगायची.

त्याच्या शेजारून चालायचा तो एल्डर हाल्वर्सन. अमेरिकेतल्या आयडाहोचा, बटाट्याच्या शेतातला, लांबटांगा आणि बडबड्या. आम्हा मॉर्मन लोकांत मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, गेलेला पोरगा कधी एकटा नसतो. प्रत्येकाला एल्डर म्हणायचं, दोघादोघांच्या जोड्या लावायच्या, आणि जोडीदार कायम नजरेच्या नाहीतर हाकेच्या टप्प्यात हवा. दोन वर्षं हे असंच. घरी जायचं नाही, सिनेमा नाही, पोरगी नाही. समुद्रात पोहायचंही नाही. टोंगातल्या आमच्या एउआ बेटावरच्या पोराला, ज्याला चालण्याआधी पोहता येतं, त्याला दोन वर्षं समुद्र नुसता बघायचा.

दिवस सगळे एका छापाचे. साडेसहाला उठायचं, तासभर वाचायचं, अंडं-पाव खायचा आणि दारं ठोठावायला निघायचं. बहुतेक उघडायचीच नाहीत. उघडली तर आतून कुत्रं आधी यायचं.

"परवाच येऊन गेलात ना रे तुम्ही?" एक बाई दाराच्या फटीतून म्हणाली होती.

"ते दुसऱ्या पंथाचे असतील, बाई."

"मला सगळे टायवाले सारखेच," म्हणून तिने फट बुजवली.

हाल्वर्सन असल्या गोष्टी हसण्यावारी न्यायचा. कितियोनेच्या त्या मनाला लागायच्या. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी जेवायला बसवतात, नाव मग विचारतात. पण त्याने तक्रार कधी केली नाही, आणि त्याचं कारण त्याचे वडील.

फेलेती लावेमाई स्वतः तरुणपणी मिशनवर गेला होता, सामोआला. आठव्या महिन्यात त्याची आई अंथरुणाला खिळली आणि हा परत आला. आई बरी झाली, पुढे अकरा वर्षं जगली. हा पुन्हा गेला नाही. तेव्हापासून गावात त्याचं नाव पडलं 'अर्धा फेलेती'. नाव ठेवणारे आम्हीच, आता दोष कुणाला देणार. चर्चमध्ये मिशन पुरं केलेल्यांना उभं राहायला सांगायचे तेव्हा हा बाकावर बसून बुटांकडे बघायचा. पुढे त्याचं लग्न झालं, दोन मुलं झाली, मळ्यात त्याच्यासारखं कोनफळ पिकवणारा दुसरा नव्हता, पण नाव काही सुटलं नाही. साखरेच्या आजाराने पायाची तीन बोटं कापावी लागली, तेव्हाही कोणीतरी म्हणालंच, आता खराच अर्धा व्हायला लागला. आम्ही हसलो होतो.

म्हणून बोटीच्या धक्क्यावर पोराला निरोप देताना फेलेतीने एकच गोष्ट सांगितली. "मधेच येऊ नकोस. घर जळू दे, मी मरू दे, चोवीस महिने पुरे कर."

"बाबा, तुम्ही असाल ना मला घ्यायला?"

"मी इथेच उभा असेन. तू तुझं बघ."

कितियोनेने ते वाक्य पक्कं धरून ठेवलं. बाकी सगळं त्याला सोसत होतं ते या एका चित्रावर: धक्का, बोट, आणि काठीला रेलून उभे असलेले वडील. त्या दिवशी ते चर्चमध्ये मुलाशेजारी ताठ बसणार होते आणि नाव पुसलं जाणार होतं.

सोमवार सुट्टीचा. कपडे धुवायचे, सामान आणायचं, आणि दुपारी बाराला घरी व्हिडिओवर फोन लावायचा. एउआला तेव्हा दुपारचे तीन झालेले असतात. फेलेतीला फोनचं तंत्र कधी जमलं नाही. फोन हातात दिला की तो कानालाच लावायचा, त्यामुळे पडद्यावर नुसता एक भलामोठा कान दिसायचा, पांढऱ्या केसांचा झुबका बाहेर आलेला. बहीण अनासेइनी, घरात सगळ्यांची सेइनी, मागून ओरडायची, "बाबा, फोन तोंडासमोर धरा." कान म्हणायचा, "किती महिने राहिले?" कितियोने आकडा सांगायचा. "बरं," कान म्हणायचा, आणि फोन आईकडे जायचा. पोराने चौदा महिने हा कान पाहिला होता.

चौदाव्या महिन्यातल्या एका गुरुवारी, दोघं खोलीवर जेवायला आले असताना, मिशनच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष प्रेस्कॉट हे न्यूझीलंडचे, निवृत्त शाळामास्तर, मनाने चांगला माणूस. कितियोने अंडी उकडत होता, म्हणून हाल्वर्सनने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"एल्डर लावेमाई, तुझ्या गावच्या बिशपांनी सगळं कळवलं. वडील झोपेतच गेले, त्रास झाला नाही, एवढंच समाधान. तुझ्या आईने मंगळवारीच तुला फोन करून सांगितलं आणि तू थांबायचं ठरवलंस, हेही बिशप म्हणाले. तरी मला तुला स्वतः सांगायचं होतं. काल दफन झालं असलं तरी तुला जायचं असेल तर मी आजच तिकीट काढतो. तुला कोणी नावं ठेवणार नाही."

गॅसवर पाणी उकळत होतं. कितियोनेला आईचा मंगळवारी फोन आला नव्हता. बुधवारीही नाही. शेवटचा आला तो सोमवारी, आणि तेव्हा कानाने महिने विचारले होते.

"एल्डर?"

पोराला दोन गोष्टी एकाच वेळी कळल्या. वडील गेले, आणि आई त्याच्या नावावर खोटं बोलली. 'मला काही ठाऊक नाही' असं आता म्हणालं असतं, तर ती बिशपांसमोर आणि अध्यक्षांसमोर खोटी पडणार होती. तिने आयुष्यात कधी चर्चमध्ये खालचा आवाज सोडला नव्हता.

"हो, सर," तो म्हणाला. "बोलणं झालंय आमचं."

"मग थांबतोस?"

"थांबतो."

फोन बंद झाला. हाल्वर्सनने उठून गॅस बंद केला. "लावेमाई, तुला माहीत नव्हतं."

"नाही."

"मग आत्ता लाव की फोन. मी बाहेर पायरीवर बसतो, हवं तर कानात बोटं घालतो."

"नको."

"अरे, पण का?"

"तिने सगळं ठरवून टाकलंय," कितियोने म्हणाला, आणि अंड्याचं टरफल काढायला लागला. त्याला आईचा राग आला होता. वडिलांसाठी रडू यावं अशी त्याची इच्छा होती, पण रागाने सगळी जागा व्यापली होती. निर्णय त्याचा होता. कदाचित तो थांबलाच असता. पण त्याला कोणी विचारायला तर हवं होतं. टरफलाबरोबर अर्धं अंडंही त्याच्या नखांनी उकरलं गेलं. मग ते दोघं उठले आणि राहिलेली दारं ठोठावायला गेले, कारण नाहीतर करायचं काय.

सोमवारी त्याने फोन लावला. मेलेआने, त्याची आई, पिवळ्या फुलाफुलांच्या झग्यात होती. फोन तिने तोंडाशी इतका जवळ धरला होता की गळ्याखालचं काही दिसू नये.

"अरे, जेवतोस ना? तोंड बघ, केवढंसं झालंय."

"जेवतो. बाबा कुठायत?"

"मळ्यावर आहेत." तिने जराही वेळ घेतला नाही. "कोनफळाचा वाफा काढायचाय म्हणाले. मी म्हटलं पोराचा फोन येईल, तर म्हणतात, त्याला सांग महिने मोज."

मागे सेइनी आली. तिच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता, नुकतंच न्हाल्यासारखा.

"दादा, तिथे लई थंडी आहे का रे?" तिने विचारलं. तिचे डोळे सुजलेले होते.

आमच्यात बाप गेला की बापाची थोरली बहीण येते आणि भावाच्या मुलांचे केस कापते. मुलीची वेणी मुळातून जाते. मुलगा असेल तर असतील तेवढे. तो आत्याचा मान. सेइनीची वेणी कमरेखाली यायची, गावात तशी दुसऱ्या कोणाची नव्हती. तोकिलुपे आत्याने ती बुधवारी कापली असणार, दफनाआधी. आणि आईने काळा झगा आणि सुतकात आमच्या बायका कमरेला बांधतात ती फाटकी चटई सोडून, पेटीतून हा पिवळा झगा काढला असणार, खास तीन वाजता, खास त्याच्यासाठी. कमरेला सुतक बांधलेली बाई ते एका फोनसाठी सोडून ठेवते ही साधी गोष्ट नव्हे. कितियोनेचा राग तिथल्या तिथे विरला, आणि नंतर त्याला वाटलं की राग होता तेच बरं होतं.

"आहे थंडी," तो म्हणाला. "बाबांना सांग, दहा राहिले."

मग ते चालूच राहिलं. दर सोमवारी सेइनी न्हालेली असायची आणि आई पिवळी असायची. दर सोमवारी वडील मळ्यावर. आईला हळूहळू ते जमायला लागलं. कधी फेलेती शेजाऱ्याच्या डुकरावर भडकले होते, कारण ते कुंपण उकरून आत घुसलं. कधी त्यांनी पुरुषभर उंचीचं कोनफळ काढलं आणि ते राजाच्या शेतीच्या प्रदर्शनाला पाठवा म्हणून लोक मागे लागले. कधी त्यांनी काठी हरवली आणि दिवसभर घर डोक्यावर घेतलं. आई हे सांगताना हसायचीही. कितियोने आधी नुसता ऐकायचा, मग विचारायला लागला. डुकराचं पुढे काय झालं? काठी सापडली का? आई सांगायची, आणि हाल्वर्सन खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात मोजे जुळवत बसायचा. टोंगी भाषा त्याला येत नव्हती, पण काय चाललंय हे कळायला ती यायची गरजही नव्हती.

"तू हे किती दिवस चालवणार?" एकदा चढावर त्याने विचारलं.

"ती थांबेपर्यंत."

"ती तुझ्यासाठी करतेय, तू तिच्यासाठी करतोयस. मग रडणार कोण?"

कितियोनेने टाय सरळ केला. समोरचं दार आलं होतं.

त्या भागात एकच दार असं होतं जे त्यांच्यासाठी उघडायचं. देस पायबस, कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, सत्तरीचा. बायको नोरीन वर्षापूर्वी गेली होती. हे दोघं धर्मामुळे चहा पीत नाहीत हे कळल्यापासून तो कोको करून ठेवायचा. त्याला धर्मापेक्षा सोबत हवी होती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"म्हणजे नोरीन मला परत भेटणार, असं तुमचं म्हणणं?"

"भेटणार," हाल्वर्सन म्हणाला. "कुटुंब मरणाने तुटत नाही."

"आणि तिची बडबड? तीही चालू राहणार? बघा हं, नीट विचार करून सांगा." मग म्हाताऱ्याने आणखी कोको ओतला. "मी अजून दोन कप काढतो रे सकाळी. एक परत ठेवतो." तो कितियोनेकडे वळला. "तू बोलत नाहीस फार. तुझे आईबाप आहेत ना?"

"आहेत," कितियोने म्हणाला. "वडील मळ्यावर असतात. गेल्या महिन्यात त्यांनी एवढं मोठं कोनफळ काढलं." त्याने हात पसरून दाखवलं. "शेजाऱ्याच्या डुकराशी त्यांचं वैर आहे. डुक्कर जिंकतंय." म्हातारा हसला. कितियोनेही हसला. शब्द अडखळले नव्हते, आवाज कापला नव्हता, आणि ते बोलताना त्याला खरोखर बरं वाटलं होतं. हाल्वर्सनने कप खाली ठेवला.

बाहेर आल्यावर दोघं गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले.

"तू त्याला खोटं सांगितलंस," हाल्वर्सन म्हणाला. "छातीवर पाटी लावून. ज्या माणसाला आपण सांगतो की मेलेले भेटतात, त्याला."

"ठाऊक आहे."

"आणि तुला ते खरं वाटत होतं. मी तोंड बघत होतो तुझं."

कितियोने घाबरला तो इथे. धक्क्यावरचं ते चित्र, काठीला रेलून उभे वडील, ते त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा जसंच्या तसं उभं होतं. तो महिने मोजत होता त्या माणसाला भेटायला. असंच चाललं तर नऊ महिन्यांनी बोटीतून उतरून तो त्यांना शोधणार होता.

शनिवारी बदल्यांचा निरोप आला. दर सहा आठवड्यांनी जोड्यांचा विचार होतो. मागच्या खेपेला दोघं सुटले होते, या खेपेला हाल्वर्सनची होबार्टला बदली झाली, मंगळवारी निघायचं. त्याच्या जागी कितियोनेचा नवा जोडीदार म्हणून फिजीचा कोणी येणार होता. म्हणजे बर्नीत एकच माणूस जो जाणत होता की फेलेती लावेमाई मेला आहे, तोही जाणार.

सोमवारी सकाळी कितियोनेने केस कापायचं मशीन काढलं. एल्डर लोक एकमेकांचे केस स्वतःच कापतात, न्हाव्याला जात नाहीत. त्याने न्हाणीघरात खुर्ची ठेवली, खाली वर्तमानपत्र पसरलं.

"कितीची पट्टी लावू?" हाल्वर्सनने विचारलं.

"पट्टी नको. सगळे काढ."

"सगळे? अध्यक्ष विचारतील."

"उवा झाल्या म्हणून सांग."

हाल्वर्सनने मशीन सुरू केलं आणि पुन्हा बंद केलं. "हे वडिलांसाठी आहे का?"

"आमच्यात आत्या करते."

"मला नीट जमणार नाही रे."

"आत्यालाही जमत नाही. तिला एका डोळ्याने दिसत नाही. सेइनीच्या मानेला लागलं असेल, बघ." एवढं बोलला आणि कितियोने रडायला लागला. सव्वा महिना जे आलं नव्हतं ते आलं, आणि आवाज दाबता येईना. हाल्वर्सन मशीन फिरवत राहिला, दुसरा हात त्याने पोराच्या खांद्यावर घट्ट ठेवला होता. कानामागे दोन ठिकाणी राहून गेलं, एका ठिकाणी खरचटलं. केस वर्तमानपत्रावर पडले. कितियोनेने ते गोळा करून पुडी केली, पण तिचं काय करायचं हे ठाऊक नसल्याने ती पेटीत कपड्यांखाली ठेवली.

बारा वाजता तो फोनसमोर बसला. आज आपण तोंडाने काही बोलायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं. एउआची बाई हे डोकं बघून समजेल. मग ती रडेल, मग तो रडेल, आणि कोणीतरी आपल्या भाषेत म्हणेल की बाबा गेले.

पडद्यावर आई आली. पिवळा झगा. "अरे, जेवतोस—" म्हणाली आणि थांबली.

कितियोनेने मान खाली घातली, तिला टाळू दिसावी म्हणून.

 त्याने वर बघितलं तेव्हा फोन आईच्या हातात खाली गेला होता आणि त्यात कमरेची चटई दिसत होती, कडा कुरतडलेली, काळ्या परकरावर बांधलेली. आज तिने झगा नुसता गळ्यातून घालून कमरेपर्यंत ओढला होता. मागे सेइनी उभी होती. तिने भावाचं डोकं पाहिलं आणि हात वर नेऊन टॉवेल सोडला. केस कानापर्यंतसुद्धा नव्हते, कुठे लांब कुठे आखूड, आणि मानेवर वाळलेली खपली होती.

"दादा," सेइनी म्हणाली.

"कोणी केलं रे?" आईने विचारलं. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"एल्डर हाल्वर्सनने. तोकिलुपे आत्या इथे नव्हती ना."

आईचे ओठ हलले. ती आता बोलणार असं वाटलं, आणि कितियोने पुढे झुकला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे, मग त्याच्या छातीवरच्या पाटीकडे बघितलं. पाटीकडे जास्त वेळ बघितलं. मग ती वळली, सेइनीच्या हातातून टॉवेल घेतला, आणि पोरीच्या डोक्याला पुन्हा गुंडाळला, घट्ट, एकही केस बाहेर राहणार नाही असा. सेइनी रडत होती आणि आई तिला हलू देत नव्हती. नंतर तिने फोन पुन्हा तोंडाशी धरला, अगदी जवळ.

"बाबा मळ्यावर आहेत," ती म्हणाली. "विचारत होते, किती राहिले."

कितियोनेने हाल्वर्सनकडे बघितलं. हाल्वर्सन भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"नऊ," तो म्हणाला.

"सांगते त्यांना."